मोतीबिंदू पिकेपर्यंत

मी विभागप्रमुख झालो तेव्हा विभागच नव्हता. वाशिमला नवं मेडिकल कॉलेज निघालं, एकेक विभाग उभा राहू लागला, आणि डोळ्यांचा विभाग उभा करायला मी नागपूरहून इकडे आलो. लोकांना मी सांगायचो, शासनानं पाठवलं. खरं म्हणजे मीच अर्ज करून, दोन वेळा जाऊन, साहेबांच्या केबिनबाहेर बसून बदली मागून घेतली होती. नागपुरात डोळ्यांचे डॉक्टर पैशाला पासरी. तिथं माझा नंबर कितवा लागतो हे मला चांगलं ठाऊक होतं. इथं मी एकटाच असणार, म्हणजे पहिला येणार, असा माझा सरळ हिशोब होता.

दुसरं कारण होतं माझी माय. आमचा भाजीपाल्याचा मळा वाशिमहून अनसिंगकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. मळा मोठा भाऊ बघतो आणि माल घेऊन बाजारात माय बसते. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. मी शाळेत होतो तेव्हा तूर सोंगताना काडी लागली, आठवडाभर तिनं लोणी भरलं, हळद भरली, आणि दवाखान्यात गेली तोवर डोळा गेला होता. राहिला उजवा. त्यात आता मोतीबिंदू उतरला होता. एकच डोळा, त्यालाही पडदा, आणि पोरगा डोळ्यांचा प्रोफेसर. विभाग उभारायला आलो असं मी सगळ्यांना सांगत होतो, पण रात्री अंथरुणावर पडलो की डोक्यात तो एकच डोळा असायचा.

पहिल्या दिवशी मला एक खोली मिळाली. नजर तपासायची म्हणजे पेशंट आणि अक्षरांचा तक्ता यांच्यात ठरावीक अंतर लागतं, आणि खोली तेवढी लांब नव्हती. अशा वेळी तक्ता पेशंटच्या मागे लावतात आणि समोर आरसा टांगतात. मी पुस्तकात वाचलेलं सगळं आठवून शेजारच्या मालेगावच्या एका दुकानातून मोठा थोरला आरसा आणला. मला त्या आरशाचा भारी अभिमान वाटला. पहिला पेशंट आला, त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, काका, समोर बघा, काय दिसतं ते सांगा. तो बराच वेळ निरखत राहिला आणि म्हणाला, "दाढी बम वाढली बावा." त्यानंतर आलेल्या बाईनं पदर सारखा केला, कुंकू नीट केलं, आणि छान दिसते म्हणून उठून गेली. तक्त्याकडे कुणाचं लक्षच जाईना. शेवटी आमच्या सिस्टरनं आरशाच्या चारी बाजूंना वर्तमानपत्र चिकटवलं आणि फक्त अक्षरं दिसतील एवढी खिडकी ठेवली.

सिस्टर म्हणजे आमच्या विभागाच्या इन्चार्ज. कारंज्याच्या बाई, तोंडानं फटकळ, कामाला वाघ. तिसऱ्या होत्या आमच्या मॅडम, नुकत्या शिकून बाहेर पडलेल्या, लातूरकडच्या, सहायक प्राध्यापक. मी, मॅडम आणि सिस्टर, झाला विभाग. तरी वरून सूचना होती की प्रत्येक विभागानं महिन्याला सभा घ्यावी. पहिल्या सभेला मॅडम रजेवर होत्या. मी अध्यक्षस्थानी बसलो आणि सिस्टरना म्हटलं, बोला, काही सूचना असतील तर मांडा. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही माझ्या खुर्चीवर बसलात." मी उठलो आणि सभा संपली.

तर सांगायचं असं की सगळं वेळेवर मिळत गेलं. ऑपरेशन थिएटर रंगवून झालं, सूक्ष्मदर्शक आला, मोतीबिंदू फोडून ओढून घेणारं मशीन आलं. इतर विभागवाले नुसते आमच्याकडे बघायला यायचे. हाडांच्या विभागाकडे तेव्हा धड टेबल नव्हतं. मी त्यांना मोठ्या मनानं धीर द्यायचो. आणि मग मी विभागाचं उद्‌घाटन केलं, फीत कापली, पेढे वाटले, बाहेर फलक लावला की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया रोज होईल.

हे सगळं मी वैशाखात केलं.

आता इथला कुणीही शेंबडा पोरगा सांगेल की आमच्याकडे डोळ्याचं ऑपरेशन हिवाळ्यात करतात. दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, ऊन मवाळ झालं, की मग म्हातारी माणसं डोळे दाखवायला निघतात. उन्हाळ्यात डोळा कापला तर तो सडतो, पावसाळ्यात कापला तर पाणी धरतो, ही पक्की समजूत. मी याच मळ्यात वाढलो, माझ्या आजोबांचा डोळा पौषात झाला होता. पण नागपूरच्या एसी थिएटरमध्ये बारा महिने ऑपरेशनं करून माझं डोकं असं फिरलं होतं की वैशाखात मोतीबिंदू विभाग उघडण्याची अक्कल मला सुचली. रसवंती उघडायची सोडून मी हे उघडलं.

पेशंट यायचे. तपासून घ्यायचे, थेंब घ्यायचे, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की चप्पल शोधायला लागायचे. उन्हाचं कारण मी एक वेळ समजू शकत होतो. दुसरं कारण मात्र ऐकलं की माझं डोकं तडकायचं. ते म्हणायचे, अजून पिकला नाही. म्हणजे मोतीबिंदू पूर्ण पांढरा व्हावा, डोळ्याला अंधार यावा, मग तो काढावा. जुन्या काळी खरंच तसं करायचे, पण आता उलट आहे. जितका पिकेल तितका तो कठीण होतो आणि काढायला अवघड जातो. हे मी दिवसातून पंचवीस वेळा सांगायचो. आवाज बसला माझा.

मग एकदा मला वाटलं, लोकांना त्यांच्या भाषेत समजावलं पाहिजे. ओपीडीच्या व्हरांड्यात गर्दी होती. मी खुर्चीवर उभा राहिलो नाही एवढंच, बाकी भाषण पूर्ण होतं. म्हटलं, मंडळी, मोतीबिंदू म्हणजे सीताफळ नाही की पिकवून खावं. मोतीबिंदू भेंडीसारखा आहे. कोवळी असते तेव्हाच आपण तोडतो का नाही? निबर झाली की सुरीही चालत नाही. मी स्वतः भाजीवाल्याचा पोरगा, मला तर हे उदाहरण सुचल्यावर अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

समोर अनसिंगकडचा एक शेतकरी बसला होता, बायकोला दाखवायला घेऊन आलेला. धोतर, डोक्याला दुपट्टा, तोंडात तंबाखू. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भेंडी खा लागते सायेब. डोया का भाजीत टाकाचा हाय?"

व्हरांडा हसला. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. पण तो थांबला नाही. "आन तुमी त्या बजारातल्या मायचे पोरगे होय न? तिचा डोया पांढरा पडून राह्यला, म्या सोता पायला. तिचं काहून नाई केलं अजून?"

 मी म्हटलं, होईल, तिचंही होईल. तो म्हणाला, "होऊ द्या मंग. तिचं झालं की आमी येतोच." आणि बायकोला घेऊन निघाला. त्याच्या मागोमाग अर्धा व्हरांडा उठला.

त्या दिवशी मला कळलं की आमचा विभाग कॉलेजच्या इमारतीत नसून बाजारात भाजीच्या पाटीमागे बसलेला आहे. इथल्या लोकांची रीत साधी आहे. डॉक्टरची पाटी कुणी वाचत नाही, त्यानं स्वतःच्या घरच्यांचं काय केलं हे बघतात. आणि माझ्या घरचं माणूस रोज सकाळी चौकात बसून मेथीच्या जुड्या हातानं चाचपत विकत होतं.

मी मळ्यावर गेलो. माय गोठ्याच्या सावलीत मेथीच्या जुड्या बांधत होती. हात बरोबर चालत होते, डोळा भलतीकडेच होता. मी म्हटलं, "माय, चाल आता. डोया करून टाकू."

"आता? या उनात?"

"उनाचं काई नसते माय."

"पिकला काय पन?"

मी भेंडीचं उदाहरण देणार होतो, पण तोंडातच गिळलं. म्हटलं, "पिकाची वाट नाई पाहा लागत."

"पिकू दे न बाबू. दिवाळी झाली की पाहू. कायले घाई करून राह्यला?"

आता खरं सांगतो. मला राग यायला पाहिजे होता. त्या जागी दुसरी कुणी म्हातारी असती तर मी तिला अर्धा तास झाडलं असतं. पण मायनं नाही म्हटलं आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी लगेच म्हटलं, बरं, दिवाळीनंतर बघू. वहिनीनं चहा दिला, तो मी मोठ्या चवीनं प्यालो आणि शीळ घालत परत आलो.

कारण एक डोळा असलेल्या माणसाचं ऑपरेशन म्हणजे काय हे डोळ्यांच्या डॉक्टरलाच ठाऊक. हजारात एखादा डोळा बिघडतो. बाकीच्यांकडे दुसरा असतो, ते निभावून नेतात. इथं बिघडला तर माणूस आंधळं होणार, कायमचं. आणि ते माणूस माझी माय.

पावसाळा आला. मी म्हटलं, हवेत दमटपणा आहे, जंतू वाढतात, थांबू. ओपीडीत पेशंटला मात्र सांगत होतो की ऋतूचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही. पोळा झाला, गणपती झाले. मी म्हटलं, सूक्ष्मदर्शकाचा दिवा जरा मंद वाटतो, नवा येऊ दे. दिवा चांगला होता. नवा आला तेव्हा मी म्हटलं, सिस्टर रजेवर जाणार आहेत, त्या आल्या की बघू. सिस्टरनं हे ऐकलं आणि म्हणाल्या, "मी कुठं चालले सर? मला तर सुट्टीच मिळत नाही." मायला मी दर वेळी नवं कारण सांगायचो आणि ती दर वेळी म्हणायची, पिकू दे बाबू. आमचं दोघांचं फार छान जमलं होतं.

दिवाळी झाली आणि लोक यायला लागले, पण थोडे. ज्यांना माझी माय माहीत नव्हती असे. मालेगाव, रिसोडकडचे. ऑपरेशनं होऊ लागली. मी करायचो, मॅडम करायच्या. मॅडमचा हात चांगला होता, आणि हे म्हणताना माझ्या पोटात थोडं दुखतं. मी जिथं दोन वेळा थांबून घाम पुसायचो तिथं त्या एका दमात पुढं जायच्या. पण वाशिमच्या आसपासची माणसं येईनात. वर्षअखेरीला कॉलेजची तपासणी होणार होती आणि आमच्या विभागाच्या खाटा इतक्या मोकळ्या होत्या की हाडांचा विभाग, ज्याला मी धीर देत होतो, तो आता आमच्या खाटा उसन्या मागत होता.

एका दुपारी मॅडम माझ्या खोलीत आल्या. दार लावून घेतलं. म्हणाल्या, "सर, काल बाजारात मावशींचा डोळा बघितला. आता पूर्ण पांढरा झालाय. अजून थांबलात तर आत फुगून प्रेशर वाढेल, आणि मग हातात काही राहणार नाही. तुम्ही पेशंटना रोज जे सांगता ना, ते जरा स्वतःला सांगून बघा."

मला संताप आला. कालची पोरगी मला शिकवते, असं काय काय मनात आलं. मी खुर्चीत ताठ बसलो आणि म्हटलं, तुम्ही तुमचं काम बघा. त्या म्हणाल्या, "हेच माझं काम आहे," आणि दार उघडं टाकून गेल्या.  प्रेशर वाढू शकतं हे काय मला ठाऊक नव्हतं? त्यावर मी मुलांना दोन तास शिकवलं होतं.

संध्याकाळी मळ्यावर गेलो. माय ओसरीवर बसली होती. मी जाऊन समोर उभा राहिलो तर तिनं विचारलं, कोन होय? अजून उजेड असताना, दोन हातांवरून. 

मी खाली बसलो आणि म्हटलं, "माय, पिकला आता. निबर झाला. आता नाई केलं त जाईन."

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मले भेव लागते रे बाबू. दोन असते त एक तुले शिकाले देला असता. पन एकच हाय."

मी काही उत्तर द्यायच्या आत ती म्हणाली, "तुले नाई लागत भेव?"

"लागते माय."

"मंग तसं सांगाव न. चार महिने दिव्याचं नाव कायले पुढं करून राह्यला?"

मी हसायला गेलो आणि रडूच फुटलं. तीही हसली.  वहिनी आतून डोकावून गेली, तिला वाटलं कुणी गेलं की काय. मग माय म्हणाली, दोघंही भेऊन बसलो तर डोळा जाईल, एकानं तरी हिंमत केली पाहिजे.

आता माझ्या मनात एक भाषण तयार होतं. मी तिला सांगणार होतो की आपल्या माणसाचं ऑपरेशन आपण करू नये, हात कापतो, म्हणून मी मोठ्या मनानं मागे सरतो आणि आमच्या मॅडमना संधी देतो. फार उदात्त भाषण होतं. मोटारसायकलवर येताना पूर्ण जुळवलं होतं. मी सुरुवात केली, "माय, हे पाय, मी काय म्हनतो..." तोच ती म्हणाली, "तू नको करू बाबू. त्या लातूरवाल्या बाईले करू दे."

मी विचारलं, "तिले तू कशी वळखते?"

"माल घ्याले येते न बजारात. बम चांगली बाई. हात हलका हाय तिचा. बाकीच्या बाया वांगं उचलते त आंगठ्यानं दाबून दाबून पायते, सारा माल खराब करते. हे बाई दाबत नाई. अलगद उचलते, अलगद ठेवते. मले दिसत नाई पन हाताले समजते."

"आन माहा हात?"

"तू त दाबनाऱ्यांतला होय," ती म्हणाली. "लहानपनी पाटीतले सारे टमाटे तूच दाबले."

इतकी वर्षं शिकलो, परीक्षा दिल्या, आणि टमाट्यांवर नापास झालो. मला आतून फार बरं वाटलं आणि वरून तितकंच लागलं.

ऑपरेशनच्या दिवशी भाऊ मायला घेऊन आला आणि सोडून मळ्यावर परत गेला, पाण्याची पाळी होती. संमतीपत्रावर सही मी केली. पेशंटशी नातं असं विचारलेलं होतं, तिथं मी सवयीनं 'विभागप्रमुख' लिहिलं. सिस्टरनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, त्यावर काट मारली आणि 'मुलगा' लिहिलं. मग मी मायच्या मागोमाग थिएटरच्या दारातून आत शिरायला गेलो, तर त्यांनी हात आडवा धरला. "नातेवाईक बाहेर."

मी म्हटलं, सिस्टर, हा माझा विभाग आहे.

"असन," त्या म्हणाल्या. "बाकावर बसा." आणि दार लावून घेतलं.

त्या बाकावर मी कधी बसलो नव्हतो. मीच मागवलेला बाक. त्याला पाठ नाही हे मला त्या दिवशी कळलं. शेजारी अनसिंगचा तोच शेतकरी बसला होता, दुपट्टा गुंडाळून. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की आज बाजारातल्या मायचा नंबर आहे, तर तो बायकोला घरी ठेवून मुद्दाम बघायला आला होता.

"सायेब, तुमी इथं?" तो म्हणाला. "आत कोन करून राह्यलं मंग?"

"आमच्या मॅडम."

"तुमी काहून नाई?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्याला डॉक्टरी नीतीवर व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी नुसतं म्हटलं, "मले भेव लागते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सरकून मला टेकायला भिंतीकडची जागा दिली. "बसा," तो म्हणाला, "मले बी लागते. म्हून त बायकोले उनाचं सांगतलं." आणि त्यानं चुना-तंबाखूची डबी पुढं केली. मी खात नाही. त्या दिवशी हातात घेऊन बसलो मात्र.

आत एक मोतीबिंदू काढायला किती वेळ लागतो हे मला माहीत आहे. तेवढा वेळ झाला. तेवढाच आणखी झाला. मी मनातल्या मनात प्रत्येक पायरी करत होतो आणि प्रत्येक पायरीला काहीतरी बिघडवत होतो. आता भिंगाची पिशवी फाटली असेल, आता निबर तुकडा मागे घसरला असेल. माझ्या मनातल्या मनात मायचा डोळा तीनदा गेला.  देवाचं नाव घ्यायला गेलो तर ऐन वेळी एकही देव आठवेना.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा कपाळावर टोपीची खूण उमटली होती. "फार निबर होता," त्या म्हणाल्या. "वेळ लागला. पण लेन्स बसलीय. उद्या सकाळी पट्टी काढली की नक्की कळेल." आणि सिस्टरकडे चहा मागितला. मला आभार मानायचे होते. मी म्हटलं, "ठीक." विभागप्रमुखाच्या तोंडून एवढंच निघालं.

रात्र कशी गेली ते विचारू नका. सकाळी वॉर्डात गेलो तर तो शेतकरी आधीच हजर, आणि त्याच्यासोबत आणखी आठ-दहा माणसं. बाजारातल्या दोन भाजीवाल्या पाट्या शेजाऱ्यांवर सोपवून आल्या होत्या. खाटेभोवती सगळे उभे. सिस्टरनं त्यांना हाकलायचा प्रयत्न केला, मग त्याही त्यांच्यातच उभ्या राहिल्या. मी पायथ्याशी होतो, जरा मागे. मॅडमनी अगदी हळू पट्टी सोडवली, ओल्या कापसानं पापण्या पुसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, उघडा."

मायनं डोळा उघडला. पाणी आलं, मिटला, परत उघडला.  ती समोर बघत होती. मॅडमचा आवाज भारदस्त आहे, फोनवर ऐकला तर पन्नाशीची बाई वाटते. मायनं बाजारात इतके महिने तोच ऐकला होता. ती मॅडमच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली, केसांची वेणी पाहिली, आणि तिचा चेहरा पडला.

"तूच होय ते बाई?"

"हो मावशी."

"एवढीशी पोरगी?" ती म्हणाली. "मायबाई. मले आंधी दिसलं असतं त म्या डोया हातीच देला नसता."

वॉर्ड असा हसला की बाजूच्या विभागातून माणसं बघायला आली. मॅडम हसता हसता खाटेवर बसल्या. अनसिंगवाला सिस्टरना विचारत होता, बायकोला कधी आणू. भाजीवाल्या मायला बोटं दाखवून मोजायला लावत होत्या. मी तिथंच पायथ्याशी उभा होतो आणि रडत होतो. आवाज नाही, नुसतं पाणी. ते मी पुसतही नव्हतो, कारण गेली दोन वर्षं मायच्या समोर तोंडावर काय दिसतंय याची मला फिकीरच नव्हती. आवाज तेवढा सरळ ठेवला की झालं. पहिल्यांदा बदली नाकारली गेली तेव्हा, तिचा डोळा तपासला तेव्हा, मी तिच्यापुढं असाच उभा राहिलो होतो आणि तिला कळलं नव्हतं.

तिनं मान वळवली. सगळ्या माणसांवरून नजर फिरवत फिरवत ती माझ्यावर येऊन थांबली.

"आन तू कायले रडून राह्यला रे बाबू?" माय म्हणाली. "दिसून राह्यलं मले."